फायलींची फेहरिस्त

न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया घातला, तेव्हा यंत्रावर कोणकोणत्या फायली नांदत आहेत, त्या कोणी आणल्या आणि त्यांपैकी एखादी काढून टाकली असता दुसरे काय बंद पडेल, हा प्रश्न कोणाला पडण्याचे प्रयोजनच नव्हते. कारण यंत्र लहान होते, प्रणाली त्याहून लहान होती, आणि जे ती लिहीत तेच ती चालवीतही असत. पुढे 1970च्या दशकात ही प्रणाली चुंबकीय फितींवरून विद्यापीठांत जाऊ लागली. परंतु तेथेही फितीवरील समग्र प्रणाली यंत्राच्या चकतीवर उतरवून घ्यावयाची आणि मग आपापल्या गरजेप्रमाणे तिच्यात भर घालीत राहावयाचे, असाच शिरस्ता होता. कोणत्या डिरेक्टरीत काय आहे हे यंत्र सांभाळणाऱ्याच्या स्मरणात असे, आणि तो माणूस बदलला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर निघून जाई.

याचे मूळ युनिक्सच्या रचनेतच आहे. प्रत्येक फायलीमागे ‘आयनोड’ नावाचा एक छोटासा दाखला असतो, आणि त्यात तिचा मालक, तिचा गट, वाचण्या-लिहिण्या-चालविण्याच्या परवानग्या, आकार, शेवटच्या बदलाची वेळ आणि चकतीवरील ठावठिकाणा इतक्या बाबी नमूद असतात; परंतु ही फाइल कोणत्या सामग्रीबरोबर आली, हा रकाना त्यात नव्हता. जमिनीच्या तुकड्यावर मालकाचे नाव उगवत नाही आणि त्यासाठी तलाठ्याच्या दप्तरातील सातबाऱ्याकडेच जावे लागते. तद्वत फायलीचे कूळ जाणून घेण्यास एखादी स्वतंत्र फेहरिस्त असणे अपरिहार्य झाले. ती कोणी लिहावी, प्रणाली बसविण्यापूर्वी लिहावी की बसविल्यानंतर, तिच्यात किती रकाने असावेत, आणि ती व प्रत्यक्ष वस्तुस्थिती यांत अंतर पडल्यास दोहोंपैकी कोणाला खरे मानावे, या प्रश्नांची युनिक्सच्या निरनिराळ्या घराण्यांनी जी उत्तरे दिली त्यांचा इतिहास येथे सांगावयाचा आहे. हे कारकुनी काम समजून बहुतेक इतिहासकार त्याच्याकडे पाठ फिरवितात. माझ्या मते मात्र प्रणाली ज्यांना वर्षानुवर्षे सांभाळावी लागते त्यांच्या दृष्टीने तिच्या कारभाराचा गाभा याच कारकुनीत आहे.

1979 साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्याबरोबर ‘टार’ हा फायली एकत्र बांधणारा प्रोग्राम आला. टारने बांधलेल्या संग्रहात प्रत्येक फायलीच्या आधी 512 बाइटांचा एक मथळा असतो. त्यात नावासाठी 100 बाइट राखलेले, आणि परवानग्या, मालक, आकार, वेळ हे सारे अष्टमान अंकांत, साध्या अक्षरांनी लिहिलेले. हा मथळा म्हणजे फेहरिस्तीतील एक ओळच होय. पण या ओळी फितीभर विखुरलेल्या असत, आरंभी अनुक्रमणिका नसे, आणि शेवटच्या फायलीचे नाव कळण्यासाठी सगळी फीत वाचून काढावी लागे. याहून मोठी उणीव अशी की संग्रह एकदा उकलला म्हणजे त्यातून काय काय बाहेर पडले याची कोणतीही नोंद यंत्रावर उरत नसे. जुन्या आवृत्तीवर नवी आवृत्ती उकलली, तर नव्या आवृत्तीतून वगळलेल्या जुन्या फायली होत्या तेथेच बेवारस पडून राहत. त्या कामाच्या आहेत की केराच्या, हे सांगण्यास साक्षीदारच नसे.

या अव्यवस्थेला भारदस्त उत्तर मिळाले ते 1980च्या दशकाच्या अखेरीस, एटी अँड टी आणि सन मायक्रोसिस्टिम्स यांच्या सहकार्यातून सिद्ध झालेल्या ‘सिस्टीम फाइव्ह, रिलीज फोर’ या प्रणालीत. तिच्या पॅकेज-व्यवस्थेत, म्हणजे एकत्र बसवावयाच्या फायलींचे गठ्ठे बांधण्याच्या व्यवस्थेत, फेहरिस्ती दोन होत्या, आणि या द्वैतातच तिच्या कर्त्यांची दूरदृष्टी दिसते. पहिली ‘प्रोटोटाइप’ नावाची: पॅकेजमध्ये काय असावे, कोणाच्या मालकीचे असावे, कोणत्या परवानग्यांनी असावे, हे माणसाने ठरवून लिहावयाचे. कोरा कागद समोर घेऊन बसावे लागू नये म्हणून डिरेक्टरी चाळून कच्चा मसुदा काढून देणारे एक उपकरण होते, पण तो मसुदा तपासून दुरुस्त करणे हे माणसाचे कर्तव्य. दुसरी ‘पॅकेजमॅप’ नावाची: पॅकेज बांधणारे उपकरण प्रोटोटाइप वाचून, प्रत्येक फाइल प्रत्यक्ष उघडून, तिचा आकार, तिचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा अंक) आणि बदलाची वेळ टिपून ती सिद्ध करी. एकीत हेतू, दुसरीत वस्तुस्थिती. आणि एकीवरून दुसरी निघत असल्यामुळे हेतूत लिहिलेली फाइल प्रत्यक्षात नसेल तर बांधणीच्या वेळीच ते उघडकीस येई.

पॅकेजमॅपची ओळ पाहण्यासारखी आहे. पहिल्या रकान्यात खंडाचा क्रमांक असतो, कारण पॅकेज अनेक फ्लॉपींवर विभागून द्यावे लागेल ही तरतूद आरंभीच केलेली होती. फ्लॉपी गेल्या, सीडीरोम आल्या, तरी तो ‘1’ हा आकडा प्रत्येक ओळीच्या डोक्यावर तसाच राहिला. मग येतो प्रकार, एकाच अक्षराने सांगितलेला: ‘एफ’ म्हणजे साधी फाइल, ‘डी’ म्हणजे डिरेक्टरी, ‘एस’ म्हणजे सांकेतिक दुवा. पण त्याच पंक्तीत आणखी दोन अक्षरे आहेत, आणि त्यांच्यासाठी मी या व्यवस्थेच्या कर्त्यांना मनापासून मान देतो. ‘ई’ हे अक्षर ज्या ओळीवर असेल ती फाइल पुढे संपादित होऊन बदलेल, हे गृहीत धरलेले. आणि ‘व्ही’ हे अक्षर असेल ती फाइल, उदाहरणार्थ रोजची नोंदवही, आपोआपच बदलत राहणार, हेही गृहीत धरलेले. यंत्र चालू झाले की ते पॅकेज बांधणाऱ्याचे राहत नाही, ते चालविणाऱ्याचे होते, ही जाणीव फेहरिस्तीच्या नमुन्यातच कोरली गेली; आणि रुजुवात घालणाऱ्या उपकरणाला कोठे तक्रार करावी आणि कोठे करू नये, हे त्या एका अक्षरावरून कळू लागले.

पॅकेज बसविले की त्याची फेहरिस्त यंत्रावरील ‘कंटेंट्स’ या एकाच मोठ्या फायलीत मिसळली जाई. प्रणालीतील प्रत्येक फाइल, प्रत्येक डिरेक्टरी, प्रत्येक दुवा तेथे एकेका ओळीवर, आणि ओळीच्या अखेरीस ज्या ज्या पॅकेजांचा त्यावर दावा असेल त्यांची नावे. एखादी सामायिक डिरेक्टरी असेल तर तिच्या ओळीवर दावेदारांची रांगच लागलेली. हे दप्तर साध्या अक्षरांत असल्यामुळे विशेष उपकरणाशिवाय वाचता येई. संशयास्पद फाइल सापडली की तिचे नाव त्यात शोधावे आणि तिचे कूळ तत्क्षणी कळावे. त्याचा दोषही याच गुणातून उद्भवला. एखादे चिमुकले पॅकेज बसविले तरी हे समग्र दप्तर नव्याने लिहावे लागे, आणि याच व्यवस्थेवर उभी असलेली सनची सोलारिस प्रणाली फुगत गेली तसतसा या पुनर्लेखनाला लागणारा वेळ व्यवस्थापकांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहू लागला. चेकसमही केवळ 16 बिटांचा होता. म्हणजे त्याची संभाव्य मूल्ये 65,536 च. फितीवरचा किंवा चकतीवरचा अपघाती बिघाड त्याने पकडला जाई. जाणूनबुजून केलेल्या लबाडीपुढे मात्र तो निःशस्त्र होता.

याच सुमारास खंडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संगणक-संशोधन गटात, वेगळ्या गरजेतून वेगळी फेहरिस्त आकाराला येत होती. 1990 सालच्या ‘4.3 बीएसडी-रेनो’ या आवृत्तीत ‘एमट्री’ नावाचे उपकरण प्रथम दिसते. पॅकेज बांधण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. डिरेक्टऱ्यांचा वृक्ष कसा असावा याचे वर्णन एका फायलीत लिहावे, आणि उपकरणाने त्या वर्णनाशी प्रत्यक्ष वृक्षाचा मुकाबला करून फरक सांगावा, एवढेच त्याचे काम. सांगितले तर ते परवानग्या आणि मालकी वर्णनाबरहुकूम दुरुस्तही करी आणि नसलेल्या डिरेक्टऱ्या निर्माण करी. बर्कलीच्या वारसांनी नवी प्रणाली बसविण्याची पहिली पायरी म्हणून नेमका हाच उपयोग केला: आधी एमट्रीच्या वर्णनावरून रिकाम्या डिरेक्टऱ्यांचा सांगाडा उभा करावयाचा आणि मग त्यात फायली भरावयाच्या.

एमट्रीच्या नमुन्यात रकाने नव्हते. होत्या त्या ‘नाव बरोबर मूल्य’ अशा जोड्या. मालक बरोबर रूट, गट बरोबर व्हील, परवानगी बरोबर 0755, अशा हव्या तितक्या जोड्या लिहाव्यात, नको त्या गाळाव्यात. ज्याविषयी वर्णन मौन पाळील त्याची तपासणीही होणार नाही. सिस्टीम फाइव्हच्या ताठर रकान्यांच्या तुलनेत हा मोठाच सुज्ञपणा होता, कारण नवा चेकसम आला, नवा गुणधर्म आला, की एक नवी जोडी पुरे. जुन्या फेहरिस्ती मोडीत काढाव्या लागत नाहीत. मात्र त्याबरोबर एक गैरसोयही आली. पुन्हापुन्हा तेच लिहिण्याचा कंटाळा वाचावा म्हणून ‘येथून पुढे सर्वांना हेच लागू’ असा हुकूम मध्येच लिहिता येई, आणि डिरेक्टरीत शिरणे व तिच्यातून बाहेर पडणे हे ओळींच्या क्रमानेच दाखविले जाई. परिणामी कोणतीही एक ओळ सुटी काढली तर तिचा अर्थ हरपे. ओळी वर्णक्रमाने लावता येत नसत आणि दोन फेहरिस्ती ओळीला ओळ लावून ताडूनही पाहता येत नसत. या लहानशा दिसणाऱ्या दोषाचा निरास होण्यास पुढे बराच काळ लागला.

1993 हे साल या इतिहासात फार दाटीचे आहे. त्या एका वर्षात पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर हे लिनक्सचे वितरण प्रसिद्ध केले, इयन मर्डॉक यांनी डेबियन या दुसऱ्या वितरणाची घोषणा केली, आणि बर्कलीच्या वारशातील फ्रीबीएसडीसाठी जॉर्डन हबर्ड यांच्या पॅकेज-उपकरणांचा आरंभ झाला; त्यांच्या जोडीला पुढे ‘पोर्ट्स’चा, म्हणजे फ्रीबीएसडीवर आणलेल्या प्रोग्रामांचा, संग्रह उभा राहिला. स्लॅकवेअरने सर्वांत साधा मार्ग धरला: पॅकेज म्हणजे टारचा संग्रह, आणि तो उकलताना जी नावे दिसली तीच एका साध्या फायलीत टिपून ठेवावयाची. हबर्ड यांच्या ‘पॅकिंग लिस्ट’मध्ये मात्र फायलींच्या नावांत @ या चिन्हाने आरंभ होणारे हुकूम मिसळलेले होते: अमुक डिरेक्टरीत जा, येथून पुढच्या फायलींच्या परवानग्या अशा ठेव, बसविताना अमुक आज्ञा चालव, काढताना तमुक. हुकमांनी भरलेली ही यादी वस्तुतः एक लहानसा प्रोग्रामच होती, आणि यादी जेव्हा प्रोग्राम होते तेव्हा ती वाचून काय घडेल हे सांगता येत नाही, ती चालवूनच पाहावी लागते. मला हा मार्ग कधीच पटला नाही. तरीही त्याच्या सोयीपुढे मान तुकवावी लागते. या पद्धतीवर हजारो पोर्ट उभे राहिले आणि दोन दशके टिकले. पुढे प्रत्येक फायलीचा एमडी5 चेकसम नोंदवावयाची वेळ आली, तेव्हा जुन्या उपकरणांना अडखळ होऊ नये म्हणून तो ‘टिप्पणी’ या सदराखाली लिहिला जाऊ लागला.

डेबियनने प्रत्येक पॅकेजची यादी वेगळ्या फायलीत ठेवली, आणि ती इतकी साधी की तीत केवळ नावे. परवानग्या नाहीत, मालक नाही, आकार नाही. व्यवस्थापकाने बदलावयाच्या फायलींची यादी वेगळी, चेकसमांची वेगळी. 1995 साली मार्क युइंग आणि एरिक ट्रोन यांनी रेड हॅट या लिनक्सच्या वितरणासाठी घडविलेल्या आरपीएम या पॅकेज-व्यवस्थेने याच्या उलट टोक गाठले: फायलींची सर्व माहिती पॅकेजच्या मथळ्यात, आणि बसविल्यानंतर ती यंत्रावरील द्विमान दप्तरात. आरपीएमला रुजुवात घालावयास सांगितले की बिघडलेल्या फायलीपुढे तो अक्षरांची एक छोटी ओळ छापतो. आकार बदलला असेल तर एक अक्षर, परवानगी बदलली असेल तर दुसरे, चेकसम जुळत नसेल तर ‘5’ हा अंक, आणि जे जुळले त्याच्या जागी केवळ टिंब. घुसखोरीचा संशय आलेल्या यंत्रावर ही टिंबांची रांग पाहणे हा पुष्कळ व्यवस्थापकांचा पहिला उपाय असतो. परंतु दप्तर द्विमान असल्यामुळे ते बिघडले की माणसाला उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही, ही त्याची किंमत.

नेक्स्ट कंपनीच्या ‘नेक्स्टस्टेप’ प्रणालीतून आलेली ‘बिल ऑफ मटेरियल्स’ ही फेहरिस्तही द्विमानच. ती 2001 सालच्या मॅक ओएस टेनमध्ये वारशाने उतरली, आणि बसविलेल्या प्रत्येक पॅकेजची पावती म्हणून यंत्रावर जपली गेली. मॅक वापरणाऱ्या सामान्य जनांना परिचित असलेली ‘परवानग्या दुरुस्त करा’ ही कळ याच पावत्या वाचून काम करी. 2015 साली एल कॅपिटन आवृत्तीत प्रणालीच्या फायलींना हात लावण्यासच मज्जाव झाला, आणि ती कळ निघून गेली. या सर्व घराण्यांनी एकच नमुना पाळावा म्हणून 1995 साली आयट्रिपलई संस्थेने 1387.2 या क्रमांकाचे प्रमाणकही मंजूर केले. एचपी कंपनीच्या एचपी-यूएक्स या युनिक्सच्या बाहेर त्याचा फारसा प्रसार झाला नाही.

माझ्या मते या विषयात सर्वांत मोठे पाऊल पडले ते बर्कलीच्याच वारसांपैकी एक असलेल्या नेटबीएसडीमध्ये, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात आले. तेथे मूळ प्रणालीतील प्रत्येक फायलीचे नाव सेट-याद्यांत हाताने लिहिलेले असते. पहिल्या रकान्यात मार्ग, दुसऱ्यात ती कोणत्या संचाची, तिसऱ्यात कोणत्या अटींवर ती असावी. प्रणालीची बांधणी पूर्ण झाली की प्रत्यक्ष निर्माण झालेला वृक्ष या याद्यांशी ताडला जातो, आणि यादीत नसलेली एखादी फाइल वृक्षात आढळली किंवा यादीतली वृक्षात आढळली नाही, तर बांधणी तेथेच थांबते. ज्या कोणी नवा प्रोग्राम आणला आणि यादीत त्याचे नाव लिहावयास तो विसरला, त्याची चूक इतर सहकाऱ्यांची बांधणी मोडून जगजाहीर होते. पुष्कळांना हा जाच वाटतो. पण ही दमदाटी व्यर्थ नाही: प्रणालीतून काढलेल्या फायलींची नावेही त्याच यादीत ‘ऑब्सोलीट’ अशी खूण करून राहू दिली जातात, आणि त्यामुळे जुन्या यंत्राचे उन्नयन करताना कोणत्या बेवारस फायली काढावयाच्या हे निश्चितपणे कळते. टारच्या काळात ज्या प्रश्नाला साक्षीदार नव्हता त्याला येथे लेखी साक्ष मिळाली.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म. प्रणालीच्या फायली रूट या सर्वाधिकाऱ्याच्या मालकीच्या असाव्या लागतात, आणि म्हणून त्या बांधणाऱ्यालाही रूटचा अधिकार लागे. एवढा अधिकार हाती घेऊन केलेली बांधणी चुकली तर बांधणाऱ्याचेच यंत्र बिघडे. 2002 साली नेटबीएसडीच्या 1.6 या आवृत्तीबरोबर ‘बिल्ड.एसएच’ ही बांधणी-व्यवस्था आली, आणि ल्यूक म्यूबर्न व मॅथ्यू ग्रीन यांनी 2003 सालच्या बीएसडीकॉन परिषदेतील निबंधात तिचे विवरण केले. तिच्यात सामान्य वापरकर्त्याला फायली आपल्याच मालकीने उतरविता येतात. त्यांची खरी मालकी आणि परवानग्या काय असावयास हव्यात हे ‘मेटालॉग’ नावाच्या फेहरिस्तीत लिहिले जाते, आणि अखेरचा संग्रह किंवा चकतीची प्रतिमा त्या फेहरिस्तीवरून घडविली जाते. मालकी फायलीवर नाही, कागदावर आहे. आणि कागद पुरेसा आहे. मेटालॉगचा नमुना एमट्रीचाच, पण सुधारलेला: प्रत्येक ओळीवर संपूर्ण मार्ग, त्यापुढे सर्व जोड्या, आणि मागच्यापुढच्या ओळींशी कसलेच देणेघेणे नाही. बर्कलीच्या नमुन्यातील तो जुना दोष असा नाहीसा झाला.

सोलारिसमध्येही जवळजवळ हेच घडले, पण निराळ्या वाटेने. सिस्टीम फाइव्हच्या पॅकेजांत फेहरिस्तीच्या जोडीला स्क्रिप्टही असत, आणि बसविताना चालणारी स्क्रिप्ट कोणती फाइल निर्माण करील, कोणती खोडील, याची फेहरिस्तीला वार्ताही नसे. प्रणालीच्या पंचनाम्यात अशा फायली कोणाच्याच नावावर चढत नसत. ‘आयपीएस’ या नव्या व्यवस्थेने बसविण्याच्या वेळच्या स्क्रिप्टच रद्द केल्या. नोव्हेंबर 2011 मध्ये आलेल्या सोलारिस 11 ची सारी उभारणी तिच्यावर झाली. तिच्या फेहरिस्तीत फाइल, डिरेक्टरी, दुवा, वापरकर्ता, गट, ड्रायव्हर, अवलंबन, प्रत्येकाला एक स्वतंत्र ओळ. आणि त्या ओळीवर मार्ग, मालक, गट, परवानगी यांच्या जोड्या. नेटबीएसडीच्या मेटालॉगमधली एक ओळ आणि आयपीएसमधली एक ओळ शेजारी ठेवून पाहिली, तर दोन निरनिराळ्या घराण्यांत, निरनिराळ्या कारणांनी जन्मलेले हे दोन नमुने किती निकट येऊन पोचले हे दिसून येते: साधी अक्षरे, एका वस्तूला एक ओळ, ओळीत संपूर्ण मार्ग, आणि नाव व मूल्य यांच्या जोड्या. हा केवळ योगायोग नसावा. ज्यांनी ज्यांनी फेहरिस्त हे सांभाळण्याचे आणि ताडण्याचे दप्तर मानले, त्यांना अखेर याच मुक्कामाला यावे लागले.

आज फ्रीबीएसडीची रूटविरहित बांधणी मेटालॉगवर चालते आणि आर्च लिनक्सच्या प्रत्येक पॅकेजमध्ये एमट्रीच्या नमुन्यातील एक फेहरिस्त संपीडित करून ठेवलेली असते. पण यंत्रे वेगवान झाल्यापासून एक सवय बळावली आहे, आणि तिच्याविषयी मला खरी चिंता वाटते: फायलींची नावे लिहावयाचीच नाहीत, ‘या डिरेक्टरीत जे असेल ते सर्व’ अशा अर्थाचे एक तारकाचिन्ह लिहून मोकळे व्हावयाचे. अशा फेहरिस्तीत हेतू उरत नाही. बांधणीत एखादी फाइल चुकून आली किंवा हवी असलेली गळाली, तर ते कळण्याचा मार्गच बंद होतो, आणि लायब्ररी-फायलीचा आवृत्तीक्रमांक नकळत बदलून तिच्यावर विसंबणारे इतर प्रोग्राम वापरणाऱ्यांच्या यंत्रांवर मोडतात. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांत बसून लिनक्सची पॅकेजे बांधणारे मराठी तरुण आज थोडे नाहीत. त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की पुढचे पॅकेज बांधताना ते तारकाचिन्ह काढावे, फायलींची नावे एकेका ओळीवर स्वतःच्या हाताने लिहावीत, आणि बांधणी त्या यादीशी जुळली नाही तर ती थांबू द्यावी.